पंचगंगा किती फुटांवर? कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी पुराचं गणित

जुलै लागला की कोल्हापुरात रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे एकच विचारतात, "पाणी किती फुटांवर?" त्याचं उत्तर राजाराम बंधाऱ्यावरून येतं. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे दोन आकडे नव्या माणसालाही आठवडाभरात पाठ होतात. अडचण पुढची आहे. ४३ फुटांना कुणाच्या दारात पाणी आलेलं असतं आणि ५६ फुटांनाही कुणाला पूर फक्त टीव्हीवर दिसतो. ३९ आणि ४३ हे शहराचे आकडे आहेत. तुमच्या घराचा आकडा वेगळा आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगणार नाही. तो कसा काढायचा, आणि शहराला मिळणारे इशारे त्या आकड्याशी कसे जोडायचे, ते इथे क्रमाने दिलं आहे. ही तयारी जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. पाणी ४० फुटांवर असताना शेजाऱ्यांना जुन्या खुणा विचारत फिरायला सवड मिळत नाही.

पायरी १ : राजाराम बंधाऱ्याचा आकडा म्हणजे नेमकं काय

राजाराम बंधारा कसबा बावड्याजवळ आहे, म्हणजे पंचगंगा घाट आणि शिवाजी पूल ओलांडून नदी पुढे जाते तिथे. तिथल्या मोजपट्टीवर पाणी जिथे टेकतं तो आकडा फूट आणि इंचांत जाहीर होतो. ही पातळी मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेली असते. ती नदीची खोली नाही आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नाही. सरकारी तक्त्यांत हीच पातळी कधी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून मोजून दिलेली असते. पाचशेच्या पुढचा आकडा दिसला तर घाबरू नका, ते दुसरं माप आहे. फरक काढायचा असेल तेव्हा १ फूट म्हणजे ३०.५ सेंटिमीटर धरा.

'४१.६ फूट' असं लिहिलेलं दिसलं तर सावध राहा. कुणी ते ४१ फूट ६ इंच अशा अर्थाने लिहितं, कुणी दशांशात. दशांशात ४१.६ म्हणजे ४१ फूट ७ इंच. एका इंचाने फारसं बिघडत नाही, पण '४१.१०' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते ४१ फूट १० इंच असतं आणि दशांश समजून वाचणारा तब्बल नऊ इंच चुकतो.

आकड्याशेजारची वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. वेळ नसलेला आकडा पुढे पाठवू नका आणि त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. शहरभर फिरणाऱ्या निम्म्या गोंधळाचं मूळ सकाळी सातचा आकडा दुपारी चारला वाचण्यात असतं.

बातमीत 'इतके बंधारे पाण्याखाली' अशीही ओळ असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढून ठेवतात आणि जोराचा पाऊस झाला की हे बुटके बंधारे बुडतातच. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे पंचगंगेवरचे. त्यांच्यावरून रोज जा-ये करणाऱ्यांसाठी ही रस्ता बंद झाल्याची सूचना आहे. शहरात पूर आला असा तिचा अर्थ नाही.

पायरी २ : वरून काय येतंय ते पाहा

भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासरी या नद्यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. (पाचवी सरस्वती, ती गुप्त.) म्हणजे शहराचा पूर शहरात पडणाऱ्या पावसाने ठरत नाही, पश्चिमेकडच्या राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा तालुक्यांतल्या पावसाने ठरतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये जेमतेम पाच-सहाशे. त्यामुळे 'जिल्ह्यात सरासरी इतका पाऊस' हा आकडा पुरासाठी जवळपास निरुपयोगी आहे. रोज सकाळी तालुकावार पावसाचा तक्ता येतो, त्यात गगनबावडा आणि राधानगरीच्या ओळी आधी वाचा. तिथे चोवीस तासांत शंभराच्या पुढे पाऊस सलग दोन दिवस दिसला, तर पंचगंगा चढणार हे शहरात ऊन असलं तरी धरून चाला.

हवामान खात्याचे शब्दही मोजमापाचे आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. पिवळा, केशरी, लाल हे रंग मात्र पावसाचे आकडे नाहीत. किती तयारीत राहायचं ते रंग सांगतात. इशाऱ्यात कोल्हापूरचा घाटभाग वेगळा दाखवलेला असतो. नवे लोक 'कोल्हापूर' एवढंच वाचून सोडून देतात. तुम्हाला पाहायची असते ती घाटाची ओळ.

आता धरणं. राधानगरी, तुळशी, कुंभी आणि कासरी ही पंचगंगेच्या वरची मुख्य धरणं. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), तुळशीची साडेतीनच्या जवळपास, बाकी दोघांची पावणेतीनच्या आसपास. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: २५ टीएमसीचं काळम्मावाडी धरण दूधगंगेवर आहे आणि ते पाणी कोल्हापूर शहराजवळून जातच नाही. पाटगावचं वेदगंगेतून जाऊन दूधगंगेलाच मिळतं. 'काळम्मावाडीतून विसर्ग वाढवला' असा निरोप आला की दरवर्षी शुक्रवार पेठेत नवे भाडेकरू सामान आवरायला लागतात. त्याची गरज नाही.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते आपोआप उघडतात, दाब कमी झाला की मिटतात. कुणी बटण दाबत नाही. म्हणून दिवसातून दोन-तीनदा 'दरवाजा क्रमांक ६ उघडला', 'दरवाजा क्रमांक ३ बंद झाला' अशा सूचना येतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जातं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. सातही उघडले की साधारण १० हजार क्युसेक, त्यात वीजगृहातून सोडलेले दीड हजार मिळवा. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे सगळे दरवाजे उघडे असताना राधानगरीतून दिवसाला साधारण एक टीएमसी खाली येतं.

हा हिशेब करायचं कारण असं, की 'राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला' हे वाक्य इथे फार सहज बोललं जातं. महापुरात पंचगंगेतून जाणारं पाणी या दहा हजार क्युसेकच्या कित्येक पट असतं. उरलेलं सगळं धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातून येतं, जिथे अडवायला काहीच नाही. २०२१ मध्ये २२ आणि २३ जुलैच्या पावसाने नदी एक-दोन दिवसांत उसळली. दरवाज्यांच्या बातमीची वाट पाहत बसणाऱ्यांना तयारीला वेळच मिळाला नाही. दरवाजे उघडले तर लक्ष द्या. ते मिटलेले आहेत म्हणून निवांत मात्र बसू नका.

धरण किती टक्के भरलं हा आकडा जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये वेगळा वाचायचा असतो. जूनअखेर ४० टक्के भरलेलं धरण पुढचा मोठा पाऊस पोटात घेतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ९८ टक्के भरलेलं धरण काहीच घेत नाही, आलं तेवढं खाली सोडतं. २०१९ च्या महापुरात ऑगस्टच्या सुरुवातीचा पाऊस भरत आलेल्या धरणांवर पडला होता.

पायरी ३ : खाली जागा आहे का ते पाहा

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तिथे आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे दबतं. याला इथे फुगवटा म्हणतात. कोल्हापुरात पाऊस थांबूनही पूर दोन-दोन दिवस जागचा हलत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून सांगलीचा आयर्विन पुलाचा आकडाही वाचत चला. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोयना (१०५ टीएमसी) आणि वारणा म्हणजे चांदोली (३४ टीएमसी) इथून सोडलेलं पाणी कोल्हापूर शहरात येत नाही, पण नृसिंहवाडीच्या वर कृष्णेत येतं आणि पंचगंगेची वाट अडवतं. आयर्विनला पाणी चढत असेल तर कोल्हापूरचा पूर उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल असं धरा. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल इथे प्रत्येकाचं एक ठाम मत असतं आणि ते तुम्हाला न विचारता ऐकवलं जाईल. घर कधी सोडायचं हे ठरवताना त्या वादाचा उपयोग नाही.

सांगली आणि कोल्हापूरचे आकडे एकमेकांत मिसळू नका. दोन्हीकडे फूट, दोन्हीकडे चाळिशीतले आकडे, पण मोजपट्ट्या वेगळ्या. '४४ फूट' एवढाच निरोप आला तर आधी 'कुठलं?' हे विचारा.

पायरी ४ : आपल्या घराचा आकडा काढा

या कामाला एक मोजपट्टी, एक वही आणि गल्लीत दहा वर्षं राहिलेली दोन माणसं लागतात.

अलीकडचे दोन मोठे पूर इथल्या प्रत्येकाला आठवतात. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेलं, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांपर्यंत. तुमच्या इमारतीत, शेजारच्या दुकानात, जिन्याखाली या दोन पुरांच्या खुणा शोधा. भिंतीवर तपकिरी रेघ असते, रंग दिला असेल तर मीटरच्या पेटीमागे किंवा शटरच्या आतल्या बाजूला दिसते. खूण नसेल तर "कमरेपर्यंत होतं" या उत्तरावर थांबू नका. कुठे उभं राहिल्यावर कमरेपर्यंत ते विचारा आणि तिथेच मोजा.

समजा २०२१ ला तुमच्या उंबऱ्यावर ४ फूट ३ इंच पाणी होतं. ५६ फूट ३ इंचांतून ते वजा करा: ५२ फूट. २०१९ ला ३ फूट ६ इंच होतं, तर ५५ फूट ७ इंचांतून वजा करून ५२ फूट १ इंच. दोन्ही उत्तरं जवळ आली, म्हणजे तुमच्या उंबऱ्याचा आकडा साधारण ५२ फूट. दोन उत्तरांत फुटापेक्षा जास्त फरक पडला तर एक खूण चुकीच्या वर्षाची आहे, किंवा मधल्या काळात रस्ता वा फरशी उंच केली आहे. अशा वेळी लहान उत्तर धरा.

दोन्ही पुरांत पाणी आलंच नसेल तर उंबऱ्याचा आकडा ५६ फूट ३ इंचांच्या वर आहे, एवढंच तुम्हाला कळतं. किती वर, ते कळत नाही.

आता यातून दीड फूट वजा करा. नदीचं पाणी सपाट नसतं, उताराला असतं. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे घाट, चिखली, आंबेवाडीकडे, पाण्याचा पृष्ठभाग बंधाऱ्यापेक्षा थोडा उंच असतो आणि हा फरक प्रत्येक पुरात सारखा नसतो. शिवाय वाऱ्याच्या लाटा, गाड्यांनी उडवलेलं पाणी, तुंबलेली गटारं. ५२ मधून दीड वजा जाता साडेपन्नास. हा झाला घर रिकामं असायलाच हवं तो आकडा.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि फसतात. घरात पाणी यायच्या बऱ्याच आधी घरातून बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. तुमच्या गल्लीपासून उंचावरच्या मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा आणि वाटेतला सर्वांत खोलगट भाग शोधा. जोराचा पाऊस थांबल्यावर जिथे डबकं सगळ्यांत शेवटी आटतं, ती जागा. तिथे २०२१ ला किती पाणी होतं ते विचारा आणि तशीच वजाबाकी करा. उत्तर ४६ फूट आलं, तर तुमचा खरा आकडा ४६ आहे, ५२ नव्हे. तळमजल्यावरच्या पार्किंगचा तिसरा आकडा काढा. तिन्ही आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आत चिकटवा.

घर अजून घ्यायचं किंवा भाड्याने पाहायचं असेल तर एक काम वाढवा: पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधली जागा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांमधली नियंत्रित. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा पाहता येतो. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा घ्या. एकदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांनी त्याहून मोठा पूर आला.

पायरी ५ : पाणी किती वेगाने चढतंय

नुसत्या आकड्यापेक्षा त्याचा वेग जास्त बोलतो. पाणी ३५ फुटांवर गेलं की दर सहा तासांनी आकडा वेळेसह वहीत टिपायला लागा.

सकाळी ६ वाजता ४१ फूट २ इंच, दुपारी १२ वाजता ४२ फूट २ इंच. सहा तासांत १२ इंच, म्हणजे तासाला २ इंच. तुमचा रस्त्याचा आकडा ४६ असेल तर अजून ३ फूट १० इंच, म्हणजे ४६ इंच बाकी आहेत. याच वेगाने २३ तास. रात्र मध्ये येते का ते पाहा. येत असेल तर उजेड असतानाच निघा, कारण रात्री वेगही कळत नाही आणि रस्त्यातलं उघडं चेंबरही दिसत नाही.

या हिशेबात एक खोच आहे. नदी पात्रात असते तोवर फूट-फूट पटापट चढते. पात्र सोडून शेतात आणि वस्तीत पसरली की तेवढंच पाणी इंचाइंचाने चढवतं. त्यामुळे ४३ च्या पुढे वेग मंदावला म्हणजे पाणी कमी येऊ लागलं, असं समजू नका. पसरट परातीत ओतलेल्या पाण्यासारखं ते आडवं वाढत असतं. याच कारणाने ४५ फुटांवरचा एक इंच ३० फुटांवरच्या एका इंचापेक्षा कितीतरी जास्त पाण्याचा असतो, आणि तो उतरायलाही तितकाच वेळ घेतो. पूर चढायला दोन दिवस लागले तर उतरायला चार-पाच लागतील अशी तयारी ठेवा.

दुसरी खोच नाल्यांची. जयंती नाला आणि दुधाळी नाला एरवी शहराचं पाणी नदीत नेतात. नदी वर आली की तेच नाले नदीचं पाणी शहरात आणतात. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, सुतारवाडा या भागांत पाणी येतं ते असं, मागच्या दाराने. नदीकाठापासून लांब आहोत म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना याचा फटका बसतो. आकाश निरभ्र असतं आणि गटाराच्या जाळीतून पाणी वर येत असतं. न्हाणीघरातल्या मोरीतून किंवा तळमजल्याच्या संडासातून गुडगुड आवाज येऊन पाणी उलटं वर यायला लागलं, तर बंधाऱ्याचा आकडा काहीही असो, तुमच्यासाठी पूर सुरू झाला आहे. मोरीच्या तोंडावर वाळूची पिशवी दाबून ठेवा, थोडा वेळ मिळतो.

पायरी ६ : इशारा कोणत्या वाटेने येतो

पातळी आणि पाऊस मोजणारी यंत्रणा दोन प्रकारची आहे. एक, माणसाने मोजपट्टी वाचून कळवलेला आकडा. दोन, जलसंपदा विभागाच्या कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या स्वयंचलित केंद्रांवरून आपोआप येणारा. स्वयंचलित आकडा लवकर येतो, पण नेमका मुसळधार पावसातच तो दगा देऊ शकतो. मोबाइल टॉवरची वीज गेली की केंद्र मुकं होतं. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला की पाऊस कमी दिसतो. संकेतस्थळावर एखाद्या घाटातल्या केंद्राचा पाऊस ० दिसला आणि आजूबाजूच्या केंद्रांवर दीडशे मिमी असेल, तर ते केंद्र बंद आहे असं समजा. दोन आकड्यांत फरक असेल तर वेळ पाहून ताजा घ्या. वेळ सारखीच असेल तर मोठा घ्या.

हे सगळे आकडे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात एकत्र येतात आणि तिथून पातळी, विसर्ग, बंद रस्ते यांची पत्रकं निघतात. तुमच्या फोनवर १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष), ११२ (आणीबाणी), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०१ (अग्निशमन) हे क्रमांक असू द्या. १०७७ दुसऱ्या जिल्ह्यातून लावलात तर तिथल्या कक्षात लागू शकतो, म्हणून पुण्यात राहणाऱ्या मुलाने आईसाठी फोन करायचा तर कोल्हापूरच्या कक्षाचा पूर्ण दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवलेला बरा. 'सचेत' अॅपवर हवामान आणि आपत्तीचे इशारे जागेनुसार येतात. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' नद्यांची पातळी दाखवतं. मोठ्या धोक्याला फोन कर्कश वाजून पडद्यावर संदेश येण्याची सोयही आहे. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीचे इशारे चालू आहेत का ते एकदा तपासा. चाचणीच्या आवाजाने वैतागून बऱ्याच जणांनी ते बंद करून ठेवलेले असतात.

यात सर्वांत भरवशाची वाट अजूनही जुनीच आहे: गल्लीत फिरणारी ध्वनिक्षेपकाची गाडी आणि दार ठोठावणारा महापालिकेचा कर्मचारी. तो आला म्हणजे तुमच्या गल्लीपुरता निर्णय झालेला आहे. तेव्हा "अजून दोन फूट बाकी आहेत" असा वाद घालू नका. त्याच्यामागे बोट असते आणि तिला आणखी दहा गल्ल्या करायच्या असतात.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या चित्रफितींबद्दल एवढंच, की २०१९ आणि २०२१ ची दृश्यं दरवर्षी नव्याने फिरतात. चित्रफितीत तारीख नसेल तर ती जुनी धरा.

पायरी ७ : कोणत्या आकड्याला काय करायचं

*३० ते ३९ फूट.* याच सुमारास नदी पात्राबाहेर येते आणि लोक घाटावर पूर बघायला जातात. तुम्ही घरी थांबून औषधं, कागदपत्रं आणि बॅटऱ्या एकत्र करा. कागदपत्रांत आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, भाडेकरार, वाहनाची आणि विम्याची कागदं. सगळ्यांचे फोटो काढून घरच्या दुसऱ्या माणसालाही पाठवून ठेवा. नियमित गोळ्या किमान दहा दिवस पुरतील एवढ्या हव्यात.

*३९ फूट, इशारा.* वाहन उंचावर नेऊन लावा. हे काम सगळे ४३ ला करतात आणि तेव्हा उंचावरच्या रस्त्यावर जागा उरत नाही. जनावरं असतील तर ती आधी हलवा; माणसं शेवटच्या तासातही निघू शकतात, म्हैस निघत नाही. याच टप्प्याला चिखली आणि आंबेवाडीतल्या लोकांना हलवण्याची तयारी सुरू होते आणि शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं सर्वांत आधी हलवली जातात. पिण्याचं पाणी भरून ठेवा, माणशी दिवसाला किमान तीन-चार लिटर या हिशेबाने आठवड्याचं. २०१९ ला बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. आता काळम्मावाडीची थेट जलवाहिनी आहे, पण वीज गेली तर तीही पुरेशी ठरेल असं गृहीत धरू नका.

*४३ फूट, धोका.* गावाबाहेर जायचं असेल तर आधी रस्ते विचारा. पन्हाळा-रत्नागिरीकडे जाणारा रस्ता रेडेडोह फुटला, म्हणजे नदीचं पाणी पात्र सोडून तिथून रस्त्यावर आलं, की बंद होतो, गगनबावड्याचा रस्ता त्याच सुमारास अडतो. दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद झाला होता, म्हणजे शहरातून बाहेर पडण्याच्या वाटा एकेक करून मिटतात. रुग्णाला मिरज-सांगलीला न्यायचं ठरत असेल तर ते याच्या आधी ठरवा.

*तुमच्या रस्त्याच्या आकड्याला दीड फूट उरला.* निघा. निघताना मुख्य स्विच बंद करा. हात कोरडा हवा आणि पायाखाली पाणी नको. पाणी आधीच आलं असेल तर स्विचला हात लावू नका, महावितरणला कळवा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तो तरंगत दारावर आपटत राहतो. फ्रिज रिकामा असेल तर तोही तरंगून आडवा होतो, तळाशी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. गाद्या, धान्य आणि कपडे उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा नव्हे, २०२१ च्या रेघेपेक्षा दोन फूट वर ठेवा.

वाहत्या पाण्यातून चालायची वेळ आलीच तर गुडघा ही मर्यादा. त्याच्या वरच्या वाहत्या पाण्यात धडधाकट माणूसही पाय टिकवू शकत नाही. काठी पुढे टेकवत चला, चेंबरची झाकणं पुरात उचलली जातात.

पायरी ८ : पाणी उतरल्यावर

राजाराम बंधाऱ्याला पाणी तुमच्या आकड्याखाली गेलं म्हणून लगेच परतू नका. नाल्यांतलं आणि तळघरांतलं पाणी नदीच्या मागून, संथपणे उतरतं. आकडा सलग बारा तास घटत असेल आणि आयर्विनही उतरत असेल, तरच निघा. उतरलेला पूर घाटात पुन्हा पाऊस झाला तर परत चढतो, ऑगस्टमध्ये विशेषतः.

साफसफाईला हात घालण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, खराब झालेल्या वस्तूंचा. पाणी घरात कोणत्या तारखेला आलं आणि कोणत्या तारखेला गेलं ते लिहा, कारण सानुग्रह मदतीच्या पंचनाम्यात घर किती दिवस पाण्यात होतं हे विचारलं जातं. पंचनाम्याला येणारे लोक गल्लीत एकदाच येतात. त्या दिवशी घरी कुणीतरी हवं, भाडेकरूकडे भाडेकरार आणि आधार हवं. भाडेकरूचं सामान आणि मालकाची इमारत ही दोन वेगळी नुकसानं आहेत. दोन्ही एकाच नावावर नोंदवली गेली तर भाडेकरूच्या हाती काही लागत नाही.

चिखल ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो. बूट आणि हातमोजे घाला. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल आणि पाण्यात उभं राहावं लागलं असेल, तर ताप यायची वाट न पाहता आरोग्य केंद्रात दाखवा. कपाटं, कुंड्या आणि लाकडांच्या ढिगात साप शिरलेले असतात, हात घालण्याआधी काठीने हलवा. पाणी उकळूनच प्या किंवा आरोग्य विभागाने दिलेलं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वापरा.

वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच लावू नका. भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी कितीतरी दिवस राहतं. पाण्यात उभी राहिलेली दुचाकी किंवा गाडी चालू होते का ते बघण्यासाठी किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर आतले भाग वाकतात आणि बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये विमा कंपनी हे नुकसान नाकारते. आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरने फोटो घेऊ द्या, मग ओढून गॅरेजला न्या.